टंच

बर्मिंगहॅमच्या चांदीवाल्यांच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
दर मंगळवारी लोक खिशातून आजोबा काढतात.
कुणी रुमालात बांधून आणतं, कुणी तंबाखूच्या डबीत.
मिसेस टॉलींनी आणलं ते
लहान मुलाच्या लोकरी मोज्यात.

मी घड्याळ आधी बघत नाही,
हातावर तोलते.
ही हुपरीची खोड. आमचे तात्या
पैंजणाचं घुंगरू नुसतं झेलून सांगायचे
किती तांबं खाल्लंय त्यानं.
कसोटीचा दगड, तेजाब,
ते सगळं गिऱ्हाइकाच्या समाधानापुरतं.

मग भिंग.
नांगर. म्हणजे ठसा इथलाच.
(समुद्र चहूकडून लांब, आणि ह्या गावाची खूण नांगर!
मला अजून आधी शेतातलाच दिसतो.)
सिंह, एक पंजा उचललेला,
ओल्या फरशीवरून चालल्यासारखा.
कडीवरचा अंगठ्यांनी पार पुसलाय,
आतल्याची आयाळ मात्र मोजता येते.
अक्षर, आणि अक्षरावरून साल: अठराशे त्र्याऐंशी.

राणीचं डोकं शोधलं. नव्हतं. हायसं वाटलं.
घड्याळांना तो कर माफ होता,
पार्जिटर शिकवायचे चहात बिस्कीट बुडवत,
खोटं करणाऱ्याला हे ठाऊक नसतं,
तो भक्तिभावानं एक ठसा जास्तच मारतो.

इथवर सगळं खणखणीत.

झाकणाच्या आत आकडा: ४१७०६.
यंत्रावर: २८८३३.

आमच्या धंद्यात ह्याला लग्न म्हणतात.
एका घरची डबी, दुसऱ्या घरचं काळीज,
मधे कुणीतरी कानस फिरवून
जमवून घेतलेलं.

मिसेस टॉली सांगत होत्या,
पणजोबा क्रॅडली हीथला साखळ्या ठोकायचे,
जहाजांच्या, एकेक कडी मांडीएवढी.
चाळीस वर्षं झाली तेव्हा मालकानं हे दिलं,
नवंकोरं, मखमली पेटीतून.
मी मान हलवत होते
आणि कानशीचे ओरखडे बघत होते.

ठशांच्या खाली, सुईनं कोरलेली,
मुंगीएवढी अक्षरं होती. दुरुस्तीवाल्यांची.
त्यांना कुणाला काही पटवायचं नव्हतं,
फक्त पुढच्या खेपेला आपलं काम ओळखायचं होतं.
१८९९. १९०७. १९०८, हात वेगळा.
१९१९.
१९२६, आणि शेजारी एक खूण, जी मला लागली नाही.
पुढे काही नाही.

फॉर्मवर चौकटी दोनच. मूळ. मूळ नाही.
टंच काढणाऱ्यानं दया दाखवू नये, तात्या म्हणायचे,
दया तू दाखवतेस आणि मार पुढचा सोनार खातो.
मी दुसऱ्या चौकटीत फुली मारली.
ऐंशी पौंड, म्हटलं. फार तर नव्वद.
पेटीची गोष्ट मी विचारली नाही,
फॉर्मवर तिला जागा नव्हती.

त्या रडल्या वगैरे नाहीत.
मोजाची टाच नीट केली, म्हणाल्या,
"मागे पडतं ते. कायमचंच. तेरा मिनिटं.
आमच्याकडे सगळे त्या हिशेबानंच निघतात."

मला एक उपमा सुचत होती,
डबी हुपरीची, यंत्र इथलं, असली काहीतरी.
भिंगावर फुंकर घातली, पुसलं,
तिच्यावर एक ठसा जास्तच होता.

खिडकीतून खाली बसचा थांबा दिसतो.
वेळ दाखवणाऱ्या पाटीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.
घड्याळ मोज्यातून काढून कानाला लावलं,
मग डोळ्यांपुढे धरलं,
ओठांनी तेरा मिळवले.

बस अजून दिसत नव्हती.
त्यांनी हात वर केला.